पेन्सिलीवरचीं दोन मुलें

गेल्या वर्षीं ऐन आषाढांत, दुपारची वामकुक्षी आटोपून आम्ही ओटीवर सुपारी कातरीत बसलों असतां, आमचे एक जुने विद्यार्थी छत्री मिटवीत आंत आले. ज्या शाळेंत आम्हीं तीस वर्षें खडू झिजविला आणि जेथें हे गृहस्थ स्वतः शिकले, त्याच शाळेचे ते आतां मुख्याध्यापक आहेत. क्षेमकुशल झालें, चहा झाला, आणि मग त्यांनीं येण्याचें कारण काढलें. शाळेंत कांहीं भित्तिपत्रकें लावावयाचीं होतीं. चित्रें चित्रकलेच्या बाई काढणार होत्या. मजकूर मात्र आम्हीं लिहून द्यावा, म्हणजे निदान ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तरी भिंतीवर चढणार नाहींत, असें त्यांचें म्हणणें. विषय कोणता म्हणून विचारतां ते किंचित् अडखळले. "पारलिंगी मुलांना शाळेंत सामावून घेण्याचा," असें खालच्या आवाजांत म्हणून त्यांनीं माजघराच्या दाराकडे पाहिलें.

माजघरांत आमच्या वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचें वय पंच्याहत्तर, पण कान अजून शाबूत. त्या तेथूनच म्हणाल्या, "अरे, हळू कशाला बोलतोस? लग्नामुंजीला टाळ्या वाजवीत दारीं येतात त्यांच्याचबद्दल ना? आमच्या सासूबाई त्यांना नारळ-खण दिल्यावांचून परत धाडीत नसत. पण तीं कोणाच्या घरचीं मुलें, हें मात्र आम्हीं कधीं विचारलें नाहीं."

ह्या एका वाक्यानें मुख्याध्यापकांचा संकोच गेला, आणि खरें सांगावयाचें तर आमचाही. घरांतील लहानथोर सर्वजण ज्या मासिकावरून नजर फिरवितात त्यांत हा विषय कशाला, असें ज्या वाचकांस वाटेल त्यांच्यापुढें आम्ही वहिनींचेंच वाक्य ठेवतों. शाळेंतून जीं मुलें मधूनच नाहींशीं होतात तीं कोणत्या तरी घरचींच असतात.

अशा एका मुलाची गोष्ट आम्हांस सांगितली पाहिजे. कारण ती मनांत नसती तर हें काम आम्हीं पत्करलें असतें कीं नाहीं याचा संशय आहे. गोष्ट १९८९ सालची. आमच्या आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. पटावर 'मुलगा' अशी नोंद होती म्हणून आम्हीही येथें तसेंच लिहितों. अक्षर मोत्यासारखें, पाठांतर चोख. शब्दांचीं रूपें चालविण्यांत तर त्याचा हात कोणी धरीत नसे. चालणें, बोलणें, मान वेळावणें मात्र मुलींसारखें. मधल्या सुटींत तो मुलांच्या मुतारीकडे कधींच फिरकत नसे, आणि त्यासाठीं शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसे, हें आम्हांस फार उशिरां कळलें. स्नेहसंमेलनाच्या नाटकांत स्त्रीभूमिका त्यालाच द्यावयाची हें ठरविणारे आम्हीच. त्या रात्रीं टाळ्यांचा कडकडाट होई. दुसऱ्या दिवशीं तेच हात वर्गांत निराळ्या तऱ्हेनें टाळ्या वाजवीत.

ज्या महाराष्ट्रांतील कुलीन स्त्रियांनीं बालगंधर्वांच्या लुगडें नेसण्याची आणि अंबाड्याची हौसेनें नक्कल केली त्याच महाराष्ट्रांतलें हें वर्तन. नटाची कला वेगळी आणि पारलिंगी माणसाचें जिणें वेगळें, त्यांचा घोटाळा करूं नये हें खरें. पण रंगमंचावर जें डोक्यावर घ्यावयाचें तेंच वर्गांत पायाखालीं तुडवावयाचें, ही आमची रीत होती खरी. आणि आम्हीं तरी काय केलें? त्या मुलाला एकीकडे बोलावून "जरा मुलासारखा वाग, म्हणजे कोणी चिडविणार नाहीं," असा उपदेश केला. चिडविणाऱ्यांस चकार शब्द बोललों नाहीं. नववींत गेल्यावर दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं.

असो. आतां विषयाकडे वळूं. जन्मसमयीं सुईणीनें वा डॉक्टरांनीं जें लिंग सांगितलें त्याहून ज्या मुलाची स्वतःविषयींची जाणीव निराळी, तें मूल पारलिंगी. शरीररचनाच जन्मतः दोन ठराविक सांच्यांत न बसणारीं मुलें असतात, त्यांस आंतरलिंगी म्हणतात. तो प्रकार वेगळा. नाच आवडणारा प्रत्येक मुलगा किंवा झाडावर चढणारी प्रत्येक मुलगी पारलिंगी असते असेंही मुळींच नाहीं, आणि तसा छाप मारण्याचा अधिकार शिक्षकास नाहीं. सरकारी कागदांत 'तृतीयपंथी' हा शब्द रुळला आहे. परंतु पंथ म्हटला कीं तो स्वीकारावा लागतो, दीक्षा घ्यावी लागते. तेरा वर्षांच्या पोरानें कोणता पंथ घेतला आणि कोणाकडून? त्यापेक्षां अमरकोशांत आलेला 'तृतीया प्रकृति' हा शब्द आम्हांस बरा वाटतो, कारण त्यांत दोष मनुष्याच्या माथीं मारलेला नाहीं. पण भित्तिपत्रकावर अमरकोश चढविला तर मुलें पळून जातील! म्हणून 'पारलिंगी' हाच शब्द ठेवला, आणि तोही, पुढें दिसेल त्याप्रमाणें, अगदीं क्वचित्.

हें काम शाळेनें आपल्या हौसेनें काढलें असें कोणी समजूं नये. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री यांनीं ह्या लोकांस तिसरें लिंग म्हणून मान्यता देणारा निकाल दिला. हे लोकही समाजाचेच घटक आहेत अशी भावना निर्माण व्हावी म्हणून केंद्र व राज्य सरकारांनीं जनजागृति करावी, असा आदेश त्या निकालांतच आहे. २०१९ सालीं संसदेनें यासंबंधीं कायदा केला; सरकारमान्य शिक्षणसंस्थांनीं भेदभाव न करतां ह्या मुलांस शिक्षण, खेळ व करमणूक यांत सामावून घ्यावें असें त्यांत सांगितलें. २०११ च्या जनगणनेंत 'इतर' ह्या रकान्यांत देशभर ४ लक्ष ८७ हजारांवर माणसें नोंदलीं गेलीं; पैकीं महाराष्ट्रांत ४० हजार ८९१. देशांत साक्षर शेंकडा सुमारें ७४, तर ह्या रकान्यांत शेंकडा सुमारें ५६. आमच्या मतें ह्या दोन आंकड्यांमधली दरी शाळेच्या फाटकाबाहेर पडलेली नाहीं. ती फाटकाच्या आंतच पडली आहे. तामिळनाडूंत युनेस्कोनें करविलेली एक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांची चालचर्या मुलग्यास वा मुलीस 'शोभत नाहीं' असें इतर समजत, अशा तरुणांना त्यांच्या शाळेच्या दिवसांविषयीं विचारलें होतें. माध्यमिक शाळेंत असतां मारहाण सोसलेले शेंकडा ६० निघाले. आणि छळ झाला हें शाळेच्या अधिकाऱ्यांच्या कानीं घालणारे शेंकडा अवघे १८. बाकीचे कां बोलले नाहींत हें आम्हांस कोणी पाहणी करून सांगावयास नको.

एका गोष्टीचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. २०२१ सालीं मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांच्यापुढें ह्याच विषयाशीं निगडित एक प्रकरण आलें, तेव्हां आपणांस यांतलें पुरेसें कळत नाहीं असें त्यांनीं उघड सांगितलें, मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन स्वतः शिकवणी घेतली, आणि मग निर्णय लिहिला. शाळांनीं कोणासही वापरतां येईल असें स्वच्छतागृह ठेवावें, अर्जांत स्त्री-पुरुषांखेरीज तिसरा रकाना असावा, नांव व लिंग बदलल्यास शैक्षणिक कागदपत्रांत तसा फेरफार करून द्यावा, असें त्यांत आहे. न्यायाधीशानें विद्यार्थी व्हावें आणि मास्तरानें मात्र होऊं नये, हें बरें दिसत नाहीं, असें म्हणून आम्हीं सत्तरीच्या उंबरठ्यावर पाटी हातीं घेतली.

त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें शिक्षकांसाठीं ह्या विषयावर एक पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर ठेविली होती. आक्षेप आल्यावर थोड्याच दिवसांत ती काढून घेण्यांत आली. स्वच्छतागृह, गणवेष, मुलामुलींच्या वेगळ्या रांगा यांबद्दल तींत पुष्कळ उपयुक्त सूचना होत्या. पण वयांत येणें लांबविणाऱ्या औषधांचा उल्लेखही होता, आणि गदारोळ उठला त्यांत हेंही एक कारण होतें. यावरून आम्हीं एक धडा घेतला. औषधें, शस्त्रक्रिया ह्या गोष्टी त्या मुलाच्या, आईबापांच्या आणि डॉक्टरांच्या. शाळेच्या भिंतीचा त्यांशीं कांहीं संबंध नाहीं.

चित्रांचा विचार सुरू झाला तेव्हां बाईंनीं प्रथम आम्हांस शाळेच्या भिंती पाहावयास नेलें. तीस वर्षें ज्या भिंतींपुढून गेलों त्या त्या दिवशीं प्रथम पाहिल्या म्हणा ना! प्रवेशद्वारापाशीं सर्व शिक्षा अभियानाचें बोधचिन्ह रंगविलेलें, थोडें पोपडे धरलेलें. हें अभियान २००१ च्या सुमारास सुरू झालें व २०१८ सालीं समग्र शिक्षा योजनेंत विलीन झालें, पण त्याची ती पेन्सिल अजून गांवोगांवच्या भिंतींवर आहे. पेन्सिलीवर दोन मुलें बसलेलीं, एक मुलगा व एक मुलगी. चिन्ह सुबक आहे, आणि मुलींस शाळेंत आणण्याच्या कामीं त्यानें मोलाची चाकरी बजाविली आहे. त्याला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच्याही पूर्वीं कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण व त्याशेजारचे चार चेहरे होते: बाप, आई, मुलगा, मुलगी. आमच्या पिढीनें भिंतीवरून जें कांहीं शिकून घेतलें त्यांत मूल म्हणजे ह्या दोहोंपैकीं एक, हेंही नकळत शिकून घेतलें. मौज अशी कीं पेन्सिलीखालीं 'सारे शिकूया, पुढे जाऊया' असें जें लिहिलेलें आहे त्यांतल्या क्रियापदांना लिंग नाहीं. चित्रांत दोघांनाच जागा, पण व्याकरणांत सर्वांना!

बाईंनीं पहिल्या आठवड्यांत तीन कच्चीं चित्रें केलीं. एकांत इंद्रधनुष्य आणि त्याखालीं हातांत हात घातलेल्या आकृति. दुसऱ्यांत अर्धनारीनटेश्वर, ही सूचना आमची, हें कबूल करतों. तिसऱ्यांत नऊवारी नेसलेली, कपाळास ठसठशीत कुंकू लावलेली, हात जोडून उभी असलेली एक प्रौढ व्यक्ति, आणि खालीं 'यांचा तिरस्कार करूं नका' असें वाक्य. तीं चित्रें दाखवावयास मुख्याध्यापकांनीं तालुक्याच्या गांवीं शिवणकाम करणाऱ्या एका पारलिंगी बाईंना बोलाविलें. त्या आल्या, चष्मा लावून तिन्ही कागद शांतपणें पाहिले, आणि म्हणाल्या, "सर, यांत मूल कुठं आहे?"

आम्ही निरुत्तर झालों. तिसऱ्या चित्रावर बोट ठेवून त्या पुढें म्हणाल्या, "हें भिंतीवर लागलं, कीं दुसऱ्या दिवशीं वर्गांतल्या एखाद्या पोराला बाकीचीं पोरं ह्याच्यापुढं उभं करतील आणि म्हणतील, हा बघ तुझा फोटो. माझ्या वेळीं चित्र नव्हतं तरी बोट होतं. तुम्ही बोटाला चित्र देऊं नका." अर्धनारीनटेश्वराविषयीं त्या नुसत्या हसल्या. आम्हीं विराटाच्या घरीं नृत्यगायन शिकविणाऱ्या बृहन्नडेचा दाखला काढला, तेव्हां त्या म्हणाल्या, "अर्जुनाचं एक वर्षानं संपलं सर." खरेंच आहे. ज्याला शापाच्या मुदतीनंतर गांडीव हातीं घ्यावयाचें आहे त्याची उपमा रोज शाळेंत येणाऱ्या मुलास कितपत लागूं पडणार? आणि वर्गांत नीट बसूं देण्यासाठीं त्या मुलानें पुराणांतला दाखला तरी कां आणावा? दुसऱ्या मुलांकडे आपण असा दाखला मागत नाहीं.

येथपासून कामाची दिशाच बदलली. वेगळें मूल ओळखावें कसें हें चित्रानें शिकवावयाचें नाहीं. भोंवतालच्या मुलांनीं, शिक्षकांनीं, कारकुनांनीं काय करावें तेवढेंच दाखवावयाचें, असें ठरलें. बंगळूर येथें २०१६ पासून 'अरवनी आर्ट प्रोजेक्ट' नांवाचा पारलिंगी व इतर स्त्रियांचा एक गट शहरोशहरीं भिंती रंगवीत असतो. २०२४ सालीं व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनांत त्यांनीं रंगविलेली भिंत होती. त्यांचीं चित्रें पाहतांना आमच्या ध्यानीं आलें कीं तेथें ह्या स्त्रिया दुसऱ्यानें काढण्याचा विषय राहात नाहींत, कुंचला त्यांच्याच हातीं असतो. आमच्या शाळेंत एवढें साधण्यासारखें नव्हतें. पण त्या शिवणकाम करणाऱ्या बाई दर शनिवारीं येऊन बसूं लागल्या, आणि त्यांनीं नापसंत केलेला एकही कागद पुढें गेला नाहीं.

मजकुराची पाळी आली आणि आमची खरी परीक्षा तेथें झाली. इंग्रजींत 'तो' कीं 'ती' एवढाच काय तो वाद. आमच्या मराठींत मुलानें तोंड उघडलें कीं क्रियापदच त्याचें लिंग सांगून टाकतें. 'मी आलों' म्हटलें कीं मुलगा, 'मी आलें' म्हटलें कीं मुलगी. संस्कृतांत 'गच्छामि' म्हणणाऱ्याचें लिंग कळत नाहीं. 'गतः' किंवा 'गता' म्हटल्यावर मात्र कळतें. मराठीच्या चालू काळाचीं व भूतकाळाचीं रूपें मुळांत धातुसाधितांपासून निघालेलीं, म्हणून हें लोढणें गळ्यांत आलें. त्या १९८९ च्या मुलाला रोज दहा वेळां तरी 'मी आलों', 'मी विसरलों' म्हणावें लागे, आणि प्रत्येक वेळीं तो क्षणभर थबके. आम्ही त्याला तोतरेपणा समजत होतों.

तेव्हां आम्हीं असें वाक्य शोधूं लागलों कीं जें कोणाही मुलास न थबकतां म्हणतां येईल. व्याकरणाचा हा खेळ आमच्या घरीं आठवडाभर चालला होता. नातवंडें जेवतां जेवतां वाक्यें जुळवीत, आणि चुकेल त्यानें ताटें उचलावयाचीं असा दंडक होता! भविष्यकाळास लिंग नाहीं: मी शिकेन, मी जाईन. 'मला गाणें आवडतें' यांत बोलणाराचें लिंग नाहीं. कर्मणि प्रयोगांत क्रियापद कर्माच्या मागें जातें, म्हणून 'मीं पुस्तक वाचलें' हें मुलगा म्हणो, मुलगी म्हणो, वा दोन्ही न म्हणविणारें मूल म्हणो, शुद्धच. खुद्द 'मूल' हा शब्द तर नपुंसकलिंगी. पाळण्यांत आहे तोंवर आपण सारेच त्याला 'तें' म्हणतों आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. संस्कृतांत पत्नीवाचक 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' चक्क पुल्लिंगी! शब्दाचें लिंग शरीराच्या खुणांवरून ठरवूं गेलें तर भागत नाहीं, ही चर्चा पतंजलीनें महाभाष्यांत कधींच करून ठेविली आहे. तीस वर्षें हें शिकविलें. त्याचा एखाद्या पोराला उपयोग होईल हें मात्र सुचलें नाहीं.

शेवटीं जो शब्द सांपडला तो रोज वर्गांत घुमणाराच होता: 'हजर'. त्याला लिंग नाहीं, वचन नाहीं, जात नाहीं. पहिलें भित्तिपत्रक त्याचेंच झालें. वर उंचावलेले चाळीस-पन्नास हात, एकही चेहरा नाहीं. कोणा हातांत बांगडी, कोणाच्या मनगटावर घड्याळ, एकाच्या बोटांस शाई. मधोमध 'हजर!' आणि खालीं बारीक अक्षरांत: 'ज्या नांवानें हाक मारलेली आवडेल, त्याच नांवानें हाक मारा.' दहा फुटांवरून वाचावयाचें तर अक्षर निदान इंचभर उंच हवें, हा रंगाऱ्यांचा ठोकताळा; बाईंनीं 'हजर' चांगला सहा इंची केला.

दुसऱ्या पत्रकाची कल्पना सातवींतल्या एका मुलीची. बाईंनीं वर्गास पेन्सिलीच्या त्या चिन्हाबद्दल विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "पेन्सिल केवढी लांब आहे! दोघं सरकलीं तर अजून बसतील कीं." सरकारी चिन्हांत ढवळाढवळ करणें बरें नव्हे, म्हणून पेन्सिलीच्या जागीं बांक काढला. बांकावर दोघेजण, एकानें दप्तर उचलून मांडीवर घेतलेलें, शेजारीं रिकामी जागा. येणारें मूल चित्रांत नाहींच. त्याची फक्त सांवली बांकाच्या कडेवर पडलेली. खालीं एस. टी. मध्यें आपण सगळेच म्हणतों तें: 'जरा सरकून घ्या!' आम्हीं आयुष्यांत पुष्कळ सुभाषितें पाठ केलीं, पण त्या पोरीच्या तोडीचें आम्हांस एकही सुचलें नाहीं.

तिसरें पत्रक स्वच्छतागृहाचें, आणि त्यानें दोन महिने खोळंबा केला. दाराचें चित्र, आणि 'ह्या दाराला आंतून कडी आहे. ही जागा कोणीही वापरावी.' एवढाच मजकूर होता. पण शाळेंत तशी जागा होती कोठें? अपंग मुलांसाठीं बांधलेली खोली होती, तींत जुने नकाशे आणि मोडकीं डेस्कें रचलेलीं. दाराला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतें. व्यवस्थापक मंडळींपैकीं एकानें पत्रक तर लावून घ्या, कडी मागाहून बसवूं असें सुचविलें. मुख्याध्यापकांनीं साफ नकार दिला. सुतार आला, नळ आला, आणि त्यानंतरच कागद चिकटला. आतां त्या दाराशीं वरच्या वर्गांतल्या कित्येक मुली आणि पायानें अधू असलेला एक मुलगाही दिसतो. त्यामुळें तेथें जाणारावर कोणाची नजर खिळत नाहीं. गणवेषाचा प्रश्न शिवणकाम करणाऱ्या बाईंनींच सोडविला. कापड एकच ठेवा, शिवण पॅंटीची हवी कीं सलवारीची तें मुलाला ठरवूं द्या, असें त्या म्हणाल्या.

पालकसभेंत हीं पत्रकें दाखविलीं तेव्हां वादळ होईल अशी आमची अटकळ होती. झाली ती कुजबुज. एक माता उठून म्हणाल्या, "हें रोज पाहून चांगलीं मुलं तशीं झालीं तर?" प्रश्न कुचेष्टेचा नव्हता, भीतीचा होता, म्हणून त्याला उत्तर देणें भाग होतें. आम्ही शास्त्रार्थाची जुळवाजुळव करीत आहों तोंच शिवणकाम करणाऱ्या बाई मागच्या रांगेंतून म्हणाल्या, "ताई, माझ्या शाळेंत असं एकही चित्र नव्हतं. मी झालेंच ना?" त्या माता खालीं बसल्या. त्यांचें समाधान झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण सभा संपल्यावर ब्लाउजाच्या मापाविषयीं त्या त्यांच्याशींच बोलत उभ्या होत्या.

शिक्षकांच्या खोलींतलें पत्रक सर्वांत शेवटीं झालें. आमच्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें. कारण मुलें चिडवितात तीं पुष्कळदां शिक्षकाच्या ओठांवरचें हसूं पाहून. शिकविणाऱ्यांसच जेथें थारा नाहीं तेथें शिकणाऱ्यांस कोठून मिळणार, असा प्रश्नही त्यांत येतोच. दोन शाळांनीं एका पारलिंगी शिक्षिकेस नोकरींतून दूर केल्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २०२५ सालीं न्यायालयानें तिला भरपाई देवविली व धोरण ठरविण्यासाठीं समिति नेमली. तर ह्या पत्रकावर काय असावें? नियमांची जंत्री शिक्षक वाचीत नाहींत. आम्हीही कधीं वाचली नाहीं. तेव्हां मुख्याध्यापकांच्या मनांत आलें कीं जनरल रजिस्टराचें एक पानच मोठें करून छापावें: 'शाळा सोडण्याचें कारण' हा रकाना, आणि तो कोरा. नमुना पाहावा म्हणून त्यांनीं कपाटांतून जुनें रजिस्टर काढविलें. कोणत्या सालाचें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

पान उघडलें तों अक्षर आमचेंच. नांव, जन्मतारीख, लिंगाच्या रकान्यांत 'मुलगा', आणि कारणाच्या रकान्यांत 'घरगुती अडचण'. घरीं जाऊन चौकशी केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. दिवाळीनंतर नांव कमी करावयाचें होतें, रकाना भरावयाचा होता, तो भरला. दाखला नेल्याच्या सहीची जागा रिकामी होती. इतक्या वर्षांत तो न्यावयास कोणीच आलें नव्हतें.

मुख्याध्यापक बराच वेळ त्या पानाकडे पाहात उभे होते. मग म्हणाले, "सर, वर्गांत त्याच्या चालण्याची नक्कल मीच करीत असें." आम्ही कांहीं बोललों नाहीं, आमच्या खात्यावर त्याहून जड रक्कम होती.

त्यांनीं कारकुनास बोलावून त्या नांवासमोर पेन्सिलीनें एक टीप लिहविली: ह्या दाखल्यासाठीं कोणी आलें, मग तें कोणत्याही नांवानें येवो, तर खिडकीशीं उभें न ठेवतां थेट मुख्याध्यापकांकडे आणावें. कारकून नवीन होता. "आतां कोण येणार सर?" असें म्हणत त्यानें टीप लिहिली, रजिस्टरावरची धूळ झटकली, आणि तें परत कपाटांत ठेवूं लागला. मुख्याध्यापकांनीं त्याला थांबविलें आणि रजिस्टर बाहेरच्या टेबलावर, हाताशीं येईल असें ठेवावयास सांगितलें.